कस्तुरा टॉकीजचा जनाना

२ जानेवारी १९७८, सोमवार

ठाकूरसाहेबांना बियाण्याच्या कंपनीने दोन डायऱ्या दिल्या. त्यातली एक त्यांनी मला दिली. म्हणाले, "मॅनेजर, रोजचं लिहीत जाय. येत्या रथसप्तमीले टॉकीजले चाळीस वर्षं होतात. छोटी किताब छापू. इतिहास तूच लिहिशीन."

मंगरूळपीरात इतिहास लिहिण्याजोगा माणूस मीच, हे त्यांनी न बोलता कबूल केलं. मी, चंपतराव, सतरा वर्षं कस्तुरा टॉकीजचा मॅनेजर. मॅट्रिकला बसलो होतो, निकालाचं सोडा. पण माझं अक्षर पाहून तहसीलदारसुद्धा विचारतात, कुठं शिकलात.

घरी येऊन सौ.ला डायरी दाखवली. ती म्हणाली, "लिहा. पन घरातलं लिहू नोका." आमच्या घरात लिहिण्यासारखं आहे तरी काय? एकोणीस वर्षं झाली लग्नाला, एकदाही मोठ्यानं भांडण नाही की मोठ्यानं हसणं नाही.

४ जानेवारी, बुधवार

इतिहासाचा श्रीगणेशा केला. टॉकीज मुळात कापसाची जिन होती. ठाकूरसाहेबांच्या, म्हणजे दौलतसिंगांच्या, वडिलांनी बांधली. सागवानी खांब, वर टिनाचं छप्पर, आत ओळीनं चोवीस रेचे, म्हणजे कापसातली सरकी काढायची यंत्रं. रेचे फिरवायला छताखालून लांबच लांब लोखंडी दांडा जायचा आणि तो टांगायला छताला जाडजूड आकडे होते. मंदीत जिन बसली. मग अडतीस साली रेचे विकून तिथंच टॉकीज केली आणि ठाकूरसाहेबांच्या आईचं, कस्तुराबाईंचं, नाव दिलं.

समोरची कमान तेवढी नवी बांधली. तिच्यावर चुन्याचे दोन सिंह आहेत. करणाऱ्या मिस्त्रीनं सिंह कधी पाहिला नव्हता, आगपेटीवरच्या चित्रावरून केले. त्यामुळे ते दूध पिऊन बसलेल्या बोक्यांसारखे दिसतात, आणि खेड्यावरची माणसं आजही "मांजरवाली टॉकीज कुठी हाय?" असंच विचारतात. इतिहासात मी "वनराज" असं लिहिलं आहे.

आज रात्री शिळी भाकर आणि ठेचा. बुधवारी सौ.चं कसलंसं व्रत असतं. दुपारी तीनला देवळात जाते ती सहाला येते. बुधवारचं हे कोणतं व्रत ते मला माहीत नाही, बायकांची व्रतं बायकांनाच ठाऊक. पण भक्ती अशी की कधीकधी डोळे रडून सुजलेले असतात. एवढं कळवळून देवाजवळ बसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. सिनेमाची मात्र तिला अगदी नावड. सतरा वर्षांत मी एकदाही तिला सोबत नेलं नाही, आणि तिनंही कधी म्हटलं नाही.

७ जानेवारी, शनिवार

नव्या सिनेमाच्या रिळांची पेटी आणायला अकोल्याला गेलो होतो. तिथं एका नव्या टॉकीजमध्ये बाल्कनी पाहिली. नवरा-बायको शेजारी शेजारी बसून सिनेमा पाहतात! नाहीतर आमचं पाहा. पुरुषांच्या डाव्या अंगाला जनाना, म्हणजे बायकांची बसायची जागा. मधे भिंत, तिच्यात छातीच्या वर लाकडी जाळी, जाळीला पडदा. दिवे गेले की तुळसाबाई पडदा उघडणार, इंटरवलला दिवे लागले की ओढून घेणार. जनान्याला दारही वेगळं, मागच्या गल्लीतून. तिकीटही गल्लीतल्या खिडकीवर तुळसाबाईच देते. खेळ चालू असताना पुरुषानं जनान्यात पाय ठेवायचा नाही, हा कस्तुराबाईंच्या वेळचा कायदा. मॅनेजरलाही तो लागू.

बसमध्ये येता येता मनात ठरलं. जाळी काढायची, भिंत पाडायची, गादीच्या खुर्च्या टाकायच्या आणि नाव द्यायचं 'फॅमिली क्लास'. चाळीस वर्षांच्या इतिहासाचं शेवटचं पान माझ्या नावानं लिहिलं जाईल.

९ जानेवारी, सोमवार

ठाकूरसाहेबांना योजना सांगितली. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बात तो सही है. जमाना बदलून राह्यला. पन सगळं रथसप्तमीच्या आंधी झालं पाह्यजे." मी म्हटलं, झालंच समजा.

रात्री जेवताना सौ.ला सगळं सांगितलं. मी तिला सगळंच सांगतो, मोठ्या माणसांनी बायकोपासून काही लपवू नये. तिच्या हातातला उलथना तव्यावरच राहिला. भाकर करपली.

"मंग बायका कुठी बसतीन?"

"आपापल्या नवऱ्याजवळ."

"आन जिचा नवरा आनत नाही थे?"

"असा कोणता नवरा आहे गावात?" मी म्हटलं. तिनं करपलेली भाकर माझ्या ताटात वाढली.

१० जानेवारी, मंगळवार

सकाळी भिवाजी मिस्त्रीला घेऊन जनाना मोजायला गेलो. खेळ नव्हता, म्हणून जाता आलं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच आत पाय ठेवला. लाकडी बाकं झिजून आरशासारखी झाली आहेत. आणि वर पाहतो तर काय! जिनच्या दांड्याचे आकडे अजून तसेच, बारा आकडे, आणि प्रत्येकाला लुगड्याची झोळी. बारा झोळ्या! लेकरू झोळीत, दोरी मायच्या पायाच्या अंगठ्याला, आणि माय सिनेमा पाहणार.

"हे कधीपासून?" मी तुळसाबाईला विचारलं. ती साठीची आहे, कस्तुराबाईंच्या वेळेपासून जनान्याच्या दारावर.

"पयल्या खेळापासून. मालकीनबाईच्या नातवाले, म्हंजे ठाकूरसायबाच्या पोराले, मीच झोका देल्ला याच आकड्याले. यच्यात काय आकडे, काय बाकं, सगळं सगळ्यायचंच असते. भाजीवालीचं लेकरू अन् वकिलीनबाईचं लेकरू, दोन्ही येकाच दांड्याखाली."

मी वहीत लिहिलं: आकडे काढून भंगारात.

११ जानेवारी, बुधवार

भिवाजी सकाळीच दारात. म्हणे, "चंपतभाऊ, थे भीत पाडता येत नाही. सारं छप्पर तिच्यावर हाय. पाडली तं टॉकीज बसन."

काल तर तो म्हणत होता की दोन दिवसांचं काम. मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. शिडी लावून स्वतः वर चढलो. छप्पर सगळं सागवानी खांबांवर आहे, भिंतीवर कबुतराशिवाय काही नाही. भिवाजीला खाली उतरून विचारलं तर मान खाजवत म्हणाला, "मले घरून असंच सांगा म्हनलं होतं." आता याच्या बायकोला छपरातलं काय कळतं?

रात्री सौ.ला शिडीचा पराक्रम सांगितला. आज तिला देवळातून यायला उशीर झाला होता आणि डोळे लाल. म्हणाली, "देवमन ऑपरेटरले सांगा, तिसरी रीळ मधातच तुटली तं जोडून लावाव, तशीच सोडू नये. बाईचं लगन झालं का नाही, काहीच समजलं नाही." हे तिला कसं कळलं म्हणून विचारलं. तुळसाबाई बाजारात भेटली होती म्हणे. तुळसाबाईचं तोंड फार मोकळं आहे, तिला ताकीद द्यायला हवी.

१७ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीचं हळदीकुंकू आज आमच्याकडे. दरवर्षी आठ-दहा बायका येतात, आज मोजून त्रेसष्ट! माळ्याच्या भाजीवाल्या, मास्तरणी, ठाकूरसाहेबांच्या पत्नी हिरीबाई, दर्ग्याजवळच्या चार मुसलमान बायका, आणि आमच्या ऑपरेटर देवमनची बायको विमलबाई. विमलबाई बौद्ध, हळदीकुंकवाशी त्यांचा संबंध नाही, तिनं तिळगूळ तेवढा घेतला आणि तास दीड तास बसली. मी पाणी प्यायला आत गेलो की सगळ्या एकदम गप्प. बाहेर आलो की पुन्हा गलका. सौ.चा गावात एवढा मान आहे हे मला माहीत नव्हतं. अभिमान वाटला.

२१ जानेवारी, शनिवार

गावात मिठाची टंचाई दिसते. आमच्याकडे चार दिवसांपासून वरण आळणी. देवमनकडे आळणी, भिवाजीकडे आळणी. ठाकूरसाहेब तर आज चिडून म्हणाले, "मॅनेजर, तुह्या फॅमिली क्लासपायी माह्या फॅमिलीनं माह्याशी बोलनं सोडलं." त्यांच्या घरगुती गोष्टीचा माझ्या योजनेशी काय संबंध, ते मला उमगलं नाही. दुकानात मिठाचं पोतं मात्र भरलेलं दिसलं. दुकानदार साठा करत असावा.

२५ जानेवारी, बुधवार

आज तीनच्या खेळाला जनान्यात एकही बाई नाही! तुळसाबाई दारावर एकटी विडा चघळत बसलेली. विचारलं तर म्हणे, "मोडनारच हाय तं काहून यावं? सवय मोडून राह्यल्या."

आणि आज सौ. देवळातही गेली नाही. दुपारभर घरी बसून जात्यावर डाळ भरडत होती. जात्याचा आवाज रस्त्यापर्यंत. मी म्हटलं, आज व्रत नाही का? म्हणाली, "देऊळच पाडून राह्यले." कोणतं देऊळ, ते तिनं सांगितलं नाही. नगरपरिषदेचा रस्ता रुंद होतोय, त्यात असेल.

खरं सांगायचं तर आज मला भीती वाटली. बायका आल्याच नाहीत तर माझं शेवटचं पान कसलं, माझी नोकरीही जाईल. ठाकूरसाहेबांचा साळा बुलढाण्याहून टपूनच आहे. जाळी राहू द्यावी असंही क्षणभर मनात आलं. पण आता माघार घेतली तर भिवाजीसुद्धा हसेल.

२९ जानेवारी, रविवार

सौ. म्हणजे लक्ष्मी आहे! आज वरणात मीठ होतं. जेवताना आपणहून म्हणाली, "म्या इचार केला. तुमचंच बराबर हाय. जमाना बदलला. करूनच पाहा तुमी. म्या साऱ्या बायकायले सांगते, रथसप्तमीच्या खेळाले आपापल्या नवऱ्यासंग या म्हनून."

"येतील?"

"येतीन. लेकरंबाळंही आनतीन. फॅमिली म्हंजे लेकरं आलीच नं? बापायच्या मांडीवर लेकरू, अन् बाजूले बायको. कसं साजरं दिसन!"

मी म्हटलं, वा! मग तिनंच सुचवलं की आकडे आधी काढून टाका, नव्या खुर्च्यांवर ते लटकलेले बरे दिसत नाहीत. एवढी बारीक नजर!

१२ फेब्रुवारी, रविवार

भिवाजीनं जाळी उतरवली, पडदा उतरवला, बाराही आकडे काढले. भिंत ठाकूरसाहेबांनी राखून ठेवली, म्हणाले खेळ कसा होतो ते पाहून पाडू; तिच्यातलं बंद दार तेवढं ये-जा करायला उघडलं. गादीच्या चाळीस खुर्च्या आल्या. पाटी मी स्वतः रंगवली. गल्लीतल्या दाराला कुलूप ठोकलं. तुळसाबाईनं किल्ली माझ्या हातात देताना नमस्कार केला, माणूस गेल्यावर करतात तसा. मला ते आवडलं नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

हात दाखवून अवलक्षण. दुसरा शब्द नाही.

तीनच्या खेळाला हाऊसफुल्ल. बायका आल्या, नटूनथटून, गजरे माळून, प्रत्येकीचा नवरा सोबत. आणि प्रत्येकीच्या काखेत एक, बोटाला एक. मी दारात उभा राहून नमस्कार करत होतो, छाती फुगून सदऱ्याची गुंडी तुटायची वेळ. दिवे गेले. त्या अंधारात, जणू कोणी खूण केली असावी तसं, गावातल्या साऱ्या बायकांनी आपापलं लेकरू उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि पडद्याकडे तोंड केलं.

मी मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या मांड्यांवर सत्तावन्न लेकरं. पहिलं रडलं ते सावकाराचं, मग त्याला साथ म्हणून बाकीची. चाळीस वर्षं ही सगळी रडणारी मंडळी जनान्यात झोळीत झोपत होती, आपण कधी ऐकलीच नव्हती. आता झोळी नाही, आकडा नाही, बापाला झोका देता येत नाही. हवालदार लेकराला घेऊन उभा राहिला तर मागचे ओरडले, "बस खाली!" मास्तर "अवं, हे घे नं" म्हणून विनवतो आहे, आणि मास्तरीण पडद्यावरून नजर न काढता म्हणते, "थांबा नं, आता भाषन चालू हाय."

ठाकूरसाहेब पहिल्या ओळीत, नव्या कोऱ्या धोतरात. मांडीवर नातू. हिरीबाई शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होत्या. नातवानं आधी एक केलं, मग दुसरं. ठाकूरसाहेबांनी हाक मारली, "अजी सुनती हो!" हिरीबाई म्हणाल्या, "फॅमिली क्लास हाय जी. तुमीच पाहा."

इंटरवलला एकही पुरुष जाग्यावर नव्हता. लेकरं कडेवर घेऊन सगळे अंगणात फेऱ्या मारत होते. बायका आत निवांत बसून शेंगा खात होत्या. नंतरच्या अर्ध्या सिनेमात एकाही पुरुषाला गोष्ट कळली नाही, पण बायकांना सगळी कळली.

ठाकूरसाहेबांनी मला कमानीखाली, त्या दोन बोक्यांसमोर गाठलं. धोतर हातात धरलेलं. एवढंच म्हणाले, "जाळी. आकडे. उद्या."

१५ फेब्रुवारी, बुधवार

भिवाजीनं जाळी बसवायला सकाळी सहाला सुरुवात केली. बोलावायला माणूस पाठवला तर तो आधीच टॉकीजमध्ये हजर होता, आकडे घासून तेल लावून तयार. म्हणे, भंगारात टाकलेच नव्हते, "घरून ठेवा म्हनलं होतं." गादीच्या खुर्च्याही ठाकूरसाहेबांनी जनान्यातच ठेवायला सांगितल्या.

मला वाईट वाटतं आहे, लिहूनच टाकतो. माझी योजना चांगली होती. बायकांनी लेकरं आणली नसती तर जमलं असतं. बिचाऱ्या सौ.नं मनापासून मदत केली आणि त्यातूनच घात झाला. तिला हे सांगून दुखवायचं नाही असं ठरवलं आहे. नोकरी राहिली. ठाकूरसाहेब म्हणाले, "इतिहासात लिही, जनाना मालकाच्या आईची याद म्हनून राखला."

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज तीनच्या खेळाला मी वर देवमनच्या मशीनखोलीत बसलो होतो. खाली कोणाच्या नजरेला पडायची इच्छा नव्हती. जनाना तुडुंब. दिवे गेले, तुळसाबाईनं पडदा उघडला. चित्र विनोदी होतं. त्यात एक मॅनेजर असतो, फार शहाणा, आणि बायकोला भिऊन ज्वारीच्या कणगीत जाऊन बसतो.

तो कणगीत शिरायच्या आधीच जाळीमागून एक हसू आलं. आधी एकटंच. मोठं, मोकळं, दम लागेपर्यंत, मधे हुंदक्यासारखं अडकून पुन्हा सुटणारं. मग सारा जनाना त्याच्या मागे हसला. ज्या बाईनं हे चित्र आधी पाहिलेलं नाही तिला पुढचं कसं दिसलं कोण जाणे, पण त्या हसण्याला सगळं आधीच कळत होतं.

"कोण रे ती?" मी विचारलं.

देवमन मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी सारखी करत होता. मान वर केली नाही. "चंपतभाऊ, जनान्यात कोन बसते हे आपन इचारत नाही. म्या अठरा सालात इचारलं नाही."

मी भिंतीतल्या चौकटीशी कान लावून उभा राहिलो. आवाज ओळखीचा होता, हसू नव्हतं. त्या आवाजानं मला एकोणीस वर्षं 'जेवता का' विचारलं आहे. मग एक एक गोष्ट डोळ्यासमोर येऊ लागली आणि मी स्टुलावर बसलो. राग यायला पाहिजे होता. मी वाट पाहिली, आला नाही. आली ती लाज. माझ्याच टॉकीजमध्ये ती एवढी हसते, आणि मी एकदाही तिकडे कान दिला नाही.

रीळ संपली. देवमन पुढची लावायला लागला तसा मी त्याचा हात धरला. "तीच लाव."

"तीच?"

"कणगीवाली. पुन्हा."

खाली पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, "अबे ऑपरेटर, झोपला का?" बाकं बडवली. मॅनेजर पुन्हा कणगीत शिरला, आणि जाळीमागून ते हसू पुन्हा आलं, पहिल्यापेक्षा मोठं. देवमन माझ्याकडे न पाहता हसत होता.

संध्याकाळी घरी गेलो. सौ. चुलीपुढे.

"आज खेळ कसा झाला?" तिनं विचारलं.

"बरा. एक रीळ दोनदा लागली."

"काहून?"

"मले आवडली म्हनून."

तिनं वळून पाहिलं. उलथना हातात तसाच. मग तिच्या ओठांचे कोपरे हलले, पदर तोंडाशी गेला, पण आवरलं नाही तिला. तेच हसू, मोठं, मोकळं, मधेच अडकून पुन्हा सुटणारं, आमच्या स्वयंपाकघरात. तव्यावरची भाकर करपली. मीही हसू लागलो.

शेजारणीनं भिंतीपलीकडून हाक दिली, "काय झालं वं, रुख्मिणी?"

"काही नाही वं," ती डोळे पुसत म्हणाली, "ह्यायले आज सिनेमा समजला."